शॉपिंग सेंटरातला चुडा

मुलांनो, शॉपिंग सेंटर म्हटलं की तुम्हाला काचेची दारं आणि सरकते जिने आठवत असतील. आमचं शॉपिंग सेंटर माजरीकडच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत होतं. क्वार्टरांच्या शेवटच्या रांगेपलीकडे तीन बाजूंनी बसकी दुकानं आणि त्यांना जोडणारा एक लांब व्हरांडा. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नुकतंच बांधलेलं होतं आणि भिंतींना ओल्या चुन्याचा वास येई. किराणा, पिठाची गिरणी, शिंपी, फोटो स्टुडिओ आणि अगदी कोपऱ्यात बांगड्यांचं दुकान.

तुमचे आजोबा खाणीत सर्व्हेअर. पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात चहा पिताना ते म्हणाले, "या फरशीखालीही कोळसाच आहे बरं."

किराणावाले भाऊ हसले. "असू द्या साहेब. वर आमची साखर हाय ना, मंग चिंता नाई."

दुपारी खाणीत ब्लास्टिंग होई. आधी भोंगा वाजे. भोंगा ऐकताच प्रत्येक दुकानदार बोलणं अर्धवट टाकून आपल्या फळीला हात लावून उभा राही. कोणी बरण्या धरी, कोणी फोटोंच्या चौकटी. बांगडीवाल्या भाभी दोन्ही हात पसरून काचेच्या रांगा कवटाळत. आम्ही गिऱ्हाइकंही हात लावायचो. धडाका होई, जमीन हले, बांगड्या किणकिणत आणि मग राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू होई. मी कॉलनीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. वर्गात एवढी शिस्त मला कधी लावता आली नाही.

भाभी ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि नवऱ्याचं दुकान त्यांनीच चालवलं. कॉलनीतल्या मुलींच्या लग्नाचा हिरवा चुडा त्यांच्याच हातून भरला जाई. तुमच्या आईचाही. चुडा भरून झाल्यावर रीतीप्रमाणे ती भाभींच्या पाया पडली आणि रडू लागली. भाभी म्हणाल्या, "हात ओला केला तं बांगडी चढते, पोरी. डोळे ओले करून काय चढणार हाय?" रडता रडता ती हसली.

नंतर खाण जवळ येत गेली. मातीचे डोंगर व्हरांड्यातून दिसू लागले आणि दुकानांवरचं ऊन लवकर उतरू लागलं. भिंतींना तडे गेले. शिंपी गेला, मग फोटोवाले. आम्हीही निवृत्तीनंतर चंद्रपूरला आलो. आजोबा गेल्यावर मी बांगड्यांच्या दुकानाची पायरी चढले नाही. मनगटावर घड्याळ तेवढं राहिलं.

यंदा तुमच्यातल्या थोरलीचं लग्न ठरलं. फोनवर ती म्हणाली, "आजी, चुडा आईसारखाच हवा. त्याच भाभींच्या हातचा." लग्न डिसेंबरात, आणि शॉपिंग सेंटर दिवाळीआधी रिकामं करायची नोटीस लागलेली. मी ऑटो केला आणि गेले.

दुकानातल्या फळ्या जवळजवळ रिकाम्या होत्या. मी म्हटलं, "भाभी, नातीचा चुडा हवा. बांधून द्या."

"चुडा बांधून देत नाई, बाई. मिठाई हाय का? पोरीले आणा."

"ती डिसेंबरात येईल."

"अन् मी दिवाळीच्या आधी पोराकडे, हैदराबादले." भाभींनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तिचा हात कोणासारखा हाय?"

"माझ्यासारखा."

"मंग द्या इकडं."

मी हात मागे घेतला. "भाभी, मी आता..."

"मले दिसून राह्यलं. घड्याळ काढा."

त्यांनी माझ्या हाताला साबण लावला, बोटं एकत्र दाबली, अंगठा आत वळवला आणि हिरवी बांगडी अलगद मनगटावर आणली. "माप हेच. आता तुम्ही शिका. तिचा चुडा तुम्हीच भरा."

"मी? लोक काय म्हणतील?"

"माह्या हातात कधी बांगडी पाह्यली तुम्ही? साऱ्या कॉलनीच्या पोरी याच हातानं सासरी धाडल्या. तवा कोणी काही बोललं नाई, आता काऊन बोलतील?" आणि त्यांनी आपला मोकळा हात पुढे केला. "घ्या, माह्यावर शिका."

पहिली बांगडी फुटली. दुसरी चढली. भाभी आपल्या मनगटाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात भोंगा वाजला. आम्ही दोघीही उठलो आणि फळीला हात लावून उभ्या राहिलो. फळीवर धरण्यासारखं काही नव्हतं. धडाका झाला तेव्हा आमच्या हातांतल्या बांगड्या तेवढ्या लाकडावर वाजल्या.

भाभींनी आपल्या हातातली बांगडी उतरवून पुसली आणि बाकीच्यांबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळली. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला मध्येच धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने गेले. व्हरांडा नाही, पायरीही नाही. पत्र्याच्या कुंपणापलीकडे यंत्रं माती उपसत होती. भाभींना फोन केला की त्यांचा मुलगा उचलतो. अम्मी आता फारशी बोलत नाही, म्हणतो.

पुडकं माझ्या कपाटात आहे. माझे हात हल्ली थरथरतात, म्हणून दोन बांगड्या जास्त आणल्या आहेत. थोरले, तू येशील तेव्हा हाताला तेल लावू नकोस. मी साबणानं शिकले आहे.