भाकरीचे नाव

आमच्या गावच्या जत्रेत आमटी मंडळाची आणि भाकरी घराघरातली, अशी रीत आहे. देवळापुढे अंथरलेल्या धोतरावर जो तो आपल्या भाकऱ्या ठेवून जातो. यंदा मंडळाने लाउडस्पीकर आणला आणि देणाऱ्यांची नावे पुकारली जाऊ लागली. एका गृहस्थांचे तर दोनदा पुकारले, कारण पहिल्यांदा त्यांना ते नीट ऐकू आले नव्हते.

टोपली घेऊन आलेल्या सखूआत्याला माइकवाल्याने अडवले.

"थांब आत्या, नाव पुकारल्याशिवाय ठेवायच्या नाहीत. नियम आहे."

"मग नेते माघारी. नाव घेतलंस की त्या माझ्याच राहतील की रे!"

ती खरोखरच वळली. तेव्हा माइकवाल्याने माइक बंद केला आणि तिची टोपली स्वतःच्या हाताने रिकामी केली.

दानाविषयी मी बरेच वाचले आहे. त्यातल्या बहुतेक ग्रंथांच्या पहिल्या पानावर देणगीदारांची यादी होती.

पंगतीत आत्या माझ्या शेजारी बसली. भाकरी मोडत म्हणाली, "कुणी केलीय ही? पार करपलीय."

"तुझीच असेल."

"असंल," म्हणत तिने ती आमटीत कुस्करली.