चटईखाली कोण बसणार?

पेनिनाच्या हातातून लाटेनं तिची सहा वर्षांची नात ओढून नेली. तिसऱ्या दिवशी पोरीला मातीआड करताना आमचे पाळकबुवा इओसिया काय म्हणाले? "देवाचं तिच्यावर आपल्यापेक्षा जास्त प्रेम होतं, म्हणून त्यानं नेली." वा रे प्रेम! आजीसमोर हे बोलायला यांची जीभ कशी रेटली? वर जेवताना बुवांनी भाजलेलं डुक्कर दोनदा मागून घेतलं. वाढायला मीच होते, तिची शेजारीण, म्हणून सांगते.

त्या दिवसापासून पेनिना चर्चची पायरी चढली नाही. आमच्या सामोआत हे खपत नाही. गावप्रमुख तुइलोमा, ज्याला स्तोत्राची एक ओळ धड पाठ नाही, तो बजावून गेला, "रविवारी आलीस तर ठीक, नाहीतर सोमवारी गाव सोडायचं." बाईची सगळी माणसं याच मातीत पुरलेली. ती जाणार कुठे?

शनिवारी बुवा समजूत घालायला आले. आम्ही दोघी चटईसाठी केवड्याची पानं चिरत बसलो होतो.

"पेनिना, देवावर राग धरू नये."

"बुवा, पलीकडच्या गावच्या ट्रकनं माझा नवरा चिरडला, तेव्हा त्या लोकांनी काय केलं?"

"पहाटे अख्खं घराणं तुझ्या अंगणात चटया पांघरून बसलं. माफी मागायची रीतच आहे ती."

"मारा नाहीतर सोडा, म्हणाले. शेवटी मीच उठून चटया काढल्या, त्यांना कोको पाजला. माणसांना लाज असते. तुमच्या देवाला म्हणावं, माझी पोर नेलीस ना? मग ये, बस माझ्या अंगणात चटई पांघरून."

"अगं, पाप लागेल!"

"लागू दे. लाटांना काय तोटा आहे त्याच्याकडे?"

बुवा आल्या पावली परत गेले.

रविवारी उजाडता बघते तर काय, पेनिनाच्या अंगणात चटईखाली एक ढीग! पोटावरूनच ओळखलं, बुवा. मी मनात म्हटलं, कुणाची म्हैस अन् कुणाला ऊठबैस! चर्चची घंटा वाजून गेली, पाळकाचा पत्ता नाही. मग सगळा गाव पांढऱ्या कपड्यांत तिच्या कुंपणाशी जमला.

"अहो बुवा, शोभतं का हे?" तुइलोमा ओरडला. बुवा हलले नाहीत.

ऊन डोक्यावर आल्यावर पेनिना बाहेर आली.

"तुम्ही का बसलात? लाट तुम्ही आणलीत?"

"नाही," चटईखालून आवाज आला. "पण त्या दिवशी मी खोटं बोललो. देवानं तिला का नेलं, मला ठाऊक नाही. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो."

वीस वर्षं या माणसाची प्रवचनं ऐकतेय मी. खरं वाक्य पहिल्यांदा ऐकलं, आणि मेलं माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पेनिनानं चटई ओढून काढली आणि बुवांना पाणी दिलं.

"चला, मिटलं!" तुइलोमानं हात झटकले. "आता मुकाट्यानं चर्चला चल."

"यांचं मिटलं," पेनिना म्हणाली. "त्याचं नाही. पण येते मी, रोज येते. गाणार नाही, गुडघे टेकणार नाही. तो माझ्या दारात येत नाही ना? मग मीच त्याच्या दारात बसते. बघू, किती दिवस तोंड लपवतो ते."