दादाच्या तोंडावरचा निळा मास्क

दुपारचे तीन वाजलेत. उद्या माझं प्रदर्शन आहे आणि मी मोठ्या चित्राशेजारीच फरशीवर आडवी झालेय. डोळा लागतोय न लागतोय तोच चित्राच्या वरच्या चौकटीवर कुणीतरी पाय सोडून बसतं. नागसेनदादा. माझा मोठा भाऊ. ठेकेदारानं गटार साफ करायला उतरवला आणि आतच गुदमरून गेला, त्याला दोन वर्षं झाली.

मी कॉमिक्स काढते. माझ्या कॉमिकचा नायक हाच. चेंबरचं झाकण उघडतो, आत उतरतो आणि शेवटच्या चौकटीत हसत वर येतो. दादा एकेक चौकट निरखून बघतो. एवढे दंड कुणाचे चिकटवलेस म्हणून मला चिडवतो. मला इतका आनंद होतो, की तो मेलाय हे मी मुद्दामच आठवत नाही.

मग आम्ही स्वयंपाकघरात असतो. आई भाकरी थापतेय, तिला दादा दिसत नाही. ओट्याखाली चेंबर उघडं आहे आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. दादा त्याच्या कडेला उकिडवा बसतो.

"चित्रात मला मास्क कुठनं आणलास?"

"मीच दिला."

"ठेकेदार कोर्टात तेच सांगतोय. सगळं दिलं होतं म्हणून."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उघड्या तोंडानं त्याला खाली पाठवायला माझा हात धजला नव्हता, एवढंच. उद्या ठेकेदाराचा वकील येईल, चित्राचा फोटो काढेल आणि म्हणेल, सख्ख्या बहिणीनंच काढलंय बघा.

"काढून टाक तो," दादा म्हणतो.

"काढला तर तू मरशील."

"मेलोय गं मी, बाय."

लहानपणी मला ताप आला की तो असाच हळू बोलायचा. एवढं बोलून तो पाय आत सोडतो. मी त्याचा दंड घट्ट धरते. हातात नुसता कागद येतो.

जाग येते. चित्रातला मास्क खरवडून निघालाय. खाली पेन्सिलीनं काढलेलं दादाचं तोंड दिसतंय, उघडं. आई चहा घेऊन येते, चित्रापुढे बराच वेळ उभी राहते आणि म्हणते, आता दिसतोय माझा लेक. मला रडू आवरत नाही. उजव्या हाताच्या नखांत निळा रंग गच्च भरलाय.