व्हॅनखालची पेटी

गाव सोडून आम्ही इकडे आलो तेव्हा आमच्याकडे घर म्हणावं असं काहीच नव्हतं. माय, बा आणि मी. मराठवाड्यातल्या एका गावच्या बौद्धवाड्यातून निघालो ते थेट कळंबोलीच्या बाजूला रस्त्याच्या कामावर येऊन थांबलो. नवी वसाहत उभी राहायची होती, तिच्या आधी रस्ते व्हायचे होते. माय खडी उचलायची, बा डांबराच्या भट्टीवर. राहायला ताडपत्री. पावसाळ्यात खालून पाणी यायचं म्हणून पीठ आणि माझी पुस्तकं एकाच डब्यात ठेवलेली असायची. माझ्या वह्यांना कायम ज्वारीचा वास यायचा. शाळेत पत्ता विचारला की मी सांगायची, रोलरजवळ. बाई रागवायच्या. पण खरंच रोलर जिथं, तिथं आम्ही, दुसरा पत्ता नव्हता.

मी कॉलेजात गेले त्याच्या आसपास बाला वॉचमनची नोकरी लागली आणि नोकरीबरोबर व्हॅन मिळाली. व्हॅन म्हणजे चार चाकांवरचा लोखंडी डबा. कधीकाळी सुपरवायझर लोकांना बसायला आणला होता, मग पत्रा गंजला आणि तो वॉचमनच्या वाट्याला आला. दोन खिडक्या, एक दार, आणि खाली दोन चाकांच्या मधे अवजारांची लांबट लोखंडी पेटी. रस्ता पुढं सरकला की ट्रॅक्टर यायचा आणि आमचं घर ओढून पुढं न्यायचा. हल्ली लोक हौसेनं असल्या गाड्या घेऊन मुक्कामाला जातात, कुत्री बरोबर नेतात, आणि उन्हाळा कसा मजेत गेला ते सांगतात. मी ऐकून घेते. आमचा उन्हाळाही गाडीत आणि कुत्र्यांबरोबरच गेला.

कुत्री दोन होती. एक काळा कुत्रा आणि एक तांबडी कुत्री. दोघं भट्टीवरच्या उष्ट्यावर वाढलेली. तांबडी फार भुंकायची नाही, पण डिझेलच्या टाकीजवळ कुणी परका आला की बाचं धोतर दातात धरून ओढायची. एकदा तिच्यामुळंच डिझेल वाचलं आणि डिझेलबरोबर बाची नोकरी. तेव्हापासून माय तिला स्वतःच्या भाकरीतली भाकरी द्यायची आणि वर शिव्याही द्यायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाच्या मे महिन्यात असं ऊन पडलं, की वाऱ्यालाही आग लागल्यासारखी वाटायची. खाडीकडून येणारा वारा एरवी दुपारी जरा बरा असतो. त्या दिवसांत तोही मिठागरांवरून तापून यायचा. भरावाची जमीन, एक झाड नाही. व्हॅनचा पत्रा इतका तापायचा की माय म्हणायची, "चूल कशाला पेटवायची, भिंतीलाच भाकरी लावते." दिवसा आम्ही आणि कुत्री सगळे व्हॅनच्या खाली. सावली सरकली की आम्ही सरकायचो. त्याच सावलीत तांबडी व्याली. तीन पिल्लं.

चार दिवस झाले आणि मुकादम निरोप घेऊन आला. व्हॅन कामोठ्याच्या अंगाला हलवायची. मुकादम तिथल्याच गावचा आगरी माणूस, आवाजानं मोठा. जाताना बाला म्हणाला, "कुत्री आनाची नाय हां. बाजूला सायबाचा ऑफिस हाय. सायबाला कुत्री चालत नाय. दिसली तर तू पन जाशील."

बा म्हणाला, "व्हय मालक."

मुकादम गेल्यावर माय म्हणाली, "व्हय काय व्हय? चार दिसाची बाळंतीण हाय ती. ह्या उन्हात टाकून जायचं?"

काळा चालत आला असता, त्याचं काही नव्हतं. कुणी विचारलं तर रस्त्यावरचा म्हणून सांगता आलं असतं. प्रश्न तांबडीचा आणि डोळे न उघडलेल्या पिल्लांचा. नव्या जागेजवळ रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी होती, तिच्या आत कुणाला काही दिसलं नसतं. तिथवर न्यायचं कसं, एवढंच ठरवायचं होतं. बानं डोकं लावलं. पेटीत गोणपाट अंथरायचं, त्यावर तांबडी आणि पिल्लं, आणि झाकण पुरतं पडू नये म्हणून मधे एक पाना अडकवायचा. सकाळच्या गारव्यात निघायचं. तासाभराचा रस्ता. पोचलो की उचलून मोरीत.

व्हॅन ओढली जात असताना आत बसायची मुभा नव्हती. म्हणून दर वेळी माय आणि मी डोक्यावर भांडी घेऊन पुढं निघायचो आणि बा ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी. त्या सकाळीही आम्ही दोघी निघून गेलो होतो. त्यामुळं पुढं काय झालं ते आम्ही पाहिलं नाही.

नव्या जागेवर व्हॅन लागली, ट्रॅक्टर सुटून गेला, आणि बा तसाच उभा. त्याच्या पायाशी काळा पेटीला नाक लावून कुईकुई करायला लागला होता. पेटीला मुकादमाचं भलंमोठं कुलूप.

"हे कुणी लावलं?" मी विचारलं.

"मुकादम आलता. कधी येत न्हाई, आज आला. लग्न हाय त्येच्या घरी, घाईत होता. झाकण उघडं दिसलं. पाना काढला, न बघताच फेकला आत, आन् कुलूप घातलं. म्हनला, पेटी उघडी टाकून निघाला, जॅक पडला तर तुह्या बापाचा हाय का. म्या काय बोलू? बोललो असतो तर तिथंच नोकरी गेली असती. म्हनलं, हितं येऊन उघडंल. तर तो गेला मोटरसायकलवर. किल्ली घेऊन."

माय पेटीजवळ बसली. खाली पाणी गळून जायला बोटभर रुंदीचं भोक होतं. तिथून तांबडीचं नाक दिसलं. ती भुंकत नव्हती. धापा टाकत होती, एवढंच ऐकू येत होतं.

"तोडा कुलूप," माय म्हणाली.

"कशानं तोडू? हातोडा, छिन्नी, सगळं आतच हाय."

आणि हातोडा बाहेर असता तरी बा कचरला असता, हे मला माहीत होतं. आधीच्या वॉचमननं असंच एक कुलूप तोडलं होतं, त्याला पोलिसात दिलं होतं. आमच्या माणसानं कुलूप तोडलं तर त्याला चोर ठरवायला साक्षीदार लागत नाहीत. नोकरी गेली की व्हॅन जाणार, व्हॅन गेली की परत गाव, आणि गावात कॉलेज नाही. बानं माझ्याकडं बघितलं फक्त.

सूर्य पेटीच्या बाजूला यायला लागला होता. मायनं पिंपातलं पाणी काढून गोणपाट भिजवलं आणि पेटीवर टाकलं. वाफ आली. गोणपाट बघता बघता वाळलं. पिंपात अर्ध्याहून कमी पाणी, टँकर दुसऱ्या दिवशी.

"सायकल द्या," मी म्हणाले. "मी किल्ली आणते."

बा म्हणाला, "आगं, लगनघर हाय. समदे बाप्ये आसत्याल, पिऊन आसत्याल."

"असू देत."

"आन् त्येला काय सांगशील? पेटीत कुत्री हाय म्हून?"

"हो. तेच सांगणार."

बाची सायकल उंच, मधे दांडी. मी मागं-पुढं न बघता साडी खोचली आणि निघाले. रस्ता म्हणजे नुसती खडी दाबलेली. डांबर अजून पडायचं होतं. तोंडाला झळा. डोक्यात एकच गोष्ट, की पेटीचं लोखंड दर मिनिटाला जास्त तापतंय आणि तिच्या अंगाखाली तीन जीव आहेत. दोन वेळा चेन पडली. काळ्या हातांनीच मी गावात शिरले.

मांडव लांबूनच ऐकू येत होता. संध्याकाळी हळद लागायची होती आणि दुपारी हळद कुटायचा विधी चालला होता. मधे उखळ, भोवती मुसळं धरलेल्या बायका, आणि त्यांच्या मधे एक म्हातारी बसून गाणी म्हणत होती. आगरी लग्नात ही धवलारीण असते. तिच्या गाण्याशिवाय तिथं कुठलाच विधी पुढं जात नाही. ती गाते तसं मुसळ पडतं, ती थांबली की थांबतं.

परक्या लग्नात कुठवर आत जायचं हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. कळतं आपोआप. मी त्या दिवशी मांडवाच्या मधोमध गेले.

मुकादम खुर्चीवर बसला होता, हातात पंखा. "काय गो बाय? बापसानं धाडला? जेवाला थांब, जेवान हाय."

"जेवायला नाही आले. पेटीची किल्ली पाहिजे."

"कशाला?"

"पेटीत कुत्री आहे. पिल्लं आहेत तिची. तुम्ही कुलूप लावलं तेव्हा ती आत होती."

आधी त्याला कळलं नाही. मग आजूबाजूचे हसायला लागले. एक जण म्हणाला, "मुकादमानं कुत्रीला कोंडली, आता जॅकला पिल्लं व्हतील." पुन्हा हसले.

मुकादम हसला नाही. "मी सांगलेला ना, कुत्री आनाची नाय?"

"सांगितलं होतं. आणली आम्ही. त्याचं काय करायचं ते उद्या करा. किल्ली आता द्या."

"चावी मी कोनाच्या हातान देत नाय. सामान गेला तर जबाबदारी माजी. सांजच्याला येन मी. तवर काय मरत नाय कुत्री."

"मरेल," मी म्हणाले. "लोखंडाची पेटी आहे. हात लावून बघा असल्या उन्हात. तुम्ही चला माझ्याबरोबर, स्वतः उघडा."

"घरान लगीन हाय, आनि मी कुत्रीसाटी जाऊ? कॉलेजान हाच शिकवतान काय गो?"

मी तिथून हलले नाही, एवढंच. तो बघत होता मी कधी जाते ते.

गाणं थांबलं तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मुसळं थांबली तेव्हा आलं. धवलारणीनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं.

"पोरं दूध पितान तिची?"

"हो आजी. डोळे नाही उघडले अजून."

ती मुकादमाकडं वळली. "लेकुरवाली कोंडलीस, आनि घरान हलद कुटतंस? जा, उघड ती पेटी. तवर मी तोंड उघडत नाय."

"काकी, कुत्री हाय ती."

"आय हाय ना?" म्हातारीनं पदर सारखा केला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसली. बायकांनी मुसळं खाली ठेवली. घरातून कुणीतरी ओरडलं, काय झाला, गाना का थांबला. मुकादमाच्या बायकोनं बाहेर येऊन सगळं ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "द्या की ती चावी. पोराच्या हलदीला खोटी करू नका."

मुकादमानं खिशातून किल्ली काढली. माझ्या हातात दिली नाही, खुर्चीच्या दांड्यावर ठेवली. "उद्या येतंव मी. मग बघू तुमचा."

मी किल्ली उचलली. मांडवाबाहेर पडेपर्यंत मागं गाणं सुरू झालं नव्हतं.

परतीचा रस्ता मला नीट आठवत नाही. व्हॅन दिसली तेव्हा माय आणि बा दोघं पेटीच्या उन्हाच्या बाजूला उभे होते, मधे लुगडं धरून, पेटीवर सावली पडेल असे. पिंप आडवं पडलं होतं, रिकामं. बाच्या हाताला फोड आले होते. नखांनी आणि दगडानं त्यानं बिजागरी खिळखिळी करायचा प्रयत्न केला होता.

"ऐकू येतं का?" मी विचारलं.

"मघापासून न्हाई," माय म्हणाली.

कुलूप हाताला चटका देत होतं. झाकण उघडलं तसा गरम लोखंडाचा आणि डिझेलचा भपकारा आला. तांबडी भोकावर तोंड ठेवून पडली होती, जीभ बाहेर, आणि तिच्या पोटाशी पिल्लं. बानं तिला दोन्ही हातांवर उचलून व्हॅनच्या सावलीत आणलं. माझ्यासाठी तांब्यात ठेवलेलं प्यायचं पाणी होतं, ते मायनं पदर भिजवून तिच्या डोक्यावर, कानांवर, पायांच्या पंजांवर पिळलं. किती वेळ गेला कोण जाणे. काळा तिचं तोंड चाटत होता, आम्ही त्याला हाकललं नाही. मग तिच्या पोटात श्वास हलला. जीभ आत गेली, पुन्हा बाहेर आली, आणि तिनं पदराचं पाणी चाटलं.

एक पिल्लू गेलं होतं. दोन जिवंत होती. मायनं मेलेलं पिल्लू मोरीच्या पलीकडं पुरलं आणि येऊन बाला म्हणाली, "आता व्हय मालक, व्हय मालक म्हनू नका."

दुसऱ्या सकाळी मुकादम आला. कपाळाला, कानामागं हळद तशीच. आम्ही सामान बांधून ठेवलं होतं. तांबडी व्हॅनखाली पिल्लांना पाजत होती. आम्ही तिला लपवलं नव्हतं. आता लपवून काय उपयोग.

बा पुढं झाला. "मालक, चूक माही हाय. पोरीला बोलू नका. किल्ली ही घ्या."

मुकादमानं वाकून व्हॅनखाली बघितलं. बराच वेळ. तांबडी त्याच्याकडं बघून गुरगुरली.

"माजेवर गुरगुरते ही?"

"तुमीच कोंडलंता न्हवं," माय म्हणाली.

मला वाटलं, संपलं. मुकादमानं तोंडातलं पान थुंकलं. "काकी सकाली पन बोल्लीन नाय माज्याशी. लगनाच्या घरान." मग बाच्याकडं न बघता म्हणाला, "सायेब आला ना, तर सांग, मुकादमाची कुत्री हाय. राखनीला ठेवलीय." बानं किल्ली पुढं धरली तेव्हा तो मोटरसायकलवर बसला होता. "राहू दे तुज्याकडं. मला लगीन हाय. अवजारा तूच देत जा पोरांना."

लग्न झालं, मुकादम कामावर परत आला, पण किल्ली त्यानं परत मागितली नाही. सकाळी गँगला अवजारं देणं आणि संध्याकाळी मोजून घेणं बाच्याकडं राहिलं. पाऊस लागायच्या आत कंत्राटदारानं बाला स्टोअरकीपर केलं. सही करायला मी त्याला शिकवलं. त्या पगारावर माझं कॉलेज पुरं झालं. मी बी.ए. पास झाले, आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पहिली.