तोरणातल्या लोंब्या

मोखाड्याच्या स्टँडवरची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे मला घर सोडायलाही चांगला तासभर लागला. नवं लग्न. आमचे हे पुढची जागा धरून बसलेले, आणि आई खिडकीशी उभी राहून माझ्या मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. रडली बिडली नाही. जीप हलली तेव्हा एवढंच म्हणाली, "नव्याला ये. तू येशील तवर आमी हात लावायचो नाय."

शहरातल्यांना हे सांगावं लागतं. आमच्या सूर्यमाळच्या घरात भात कापला म्हणून लगेच नवा तांदूळ शिजत नाही. आधी देवाला आणि वाडवडलांना दाखवायचा, मग घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीला बसून पहिला घास घ्यायचा. याला आम्ही 'नवं' म्हणतो. ते होईपर्यंत नवा दाणा कुणी जिभेला लावत नाही, आणि घरचं एक माणूस जरी बाहेर असलं तरी बाकीचे थांबतात. दिलेली लेक खरं तर त्यात धरत नाहीत. शेजारणीनं तसं बोलून दाखवलं तर आई तिच्यावर उखडली, "लेक दिली, तिचा घास नाय दिला."

दशरथा, तू धाकटा, तू तिथंच राहिलास, आणि तुला अजून वाटतं की ताई सुटली. म्हणून हे मुख्यतः तुझ्यासाठी. आणि माझ्यासारख्या ज्या कुणी ठाण्या-भिवंडीच्या खोल्यांत जाऊन बसल्या, त्यांच्यासाठी. त्यांना वेगळं सांगायची गरज नाही म्हणा.

ठाण्यात आमच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या नर्सबाईंची तन्वी मी सांभाळायला घेतली, तिच्यामागून आणखी पोरं आली, आणि बघता बघता दारावर 'पाळणाघर' अशी पाटी लागली. पाळणा एकही नव्हता. दाराला वरच्या बाजूला एक जादा कडी मात्र बसवली, पोरांचा हात पोचू नये म्हणून. पोरं कोंडली आणि त्यांच्याबरोबर मीही कोंडले गेले. खाली भाजीवाला ओरडायचा, कोथिंबिरीची जुडी घ्यायलाही उतरता यायचं नाही. शेवटच्या पोराची आई अंधार पडल्यावर यायची. गॅलरीच्या ग्रिलमधून समोरच्या बिल्डिंगचं ग्रिल दिसायचं. डोंगरावर उंडारलेलं माझं अंग, ते नुसतं आखडून गेलं. किती दिवस मी संध्याकाळी विनाकारण त्या पोरांवर डाफरायची, आणि ती बिचारी माझ्याच पदराला हात पुसायची.

त्यातल्या त्यात आश्विन बरा. पाऊस संपून ऊन कडक झालं की मी पोरांना कामाला लावायची. पुठ्ठ्याला गेरू फासायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूच्या काडीनं वर झाडं-माणसं काढायची. पिंपळाच्या पानांना रंग लावून कागदावर ठसे. भोपळ्याच्या बिया वाळवून माळा. आया विचारायच्या, "हा कोर्स तुम्ही कुठं केलात हो?" मी म्हणायची, "गावाला." त्यांना वाटायचं मी गंमत करते.

नव्याला मात्र मला जमेना. पहिल्या वर्षी दसऱ्याला गेले. पुढं दसऱ्याची दिवाळी झाली, कारण पोरांच्या आयांना दिवाळीआधी सुट्ट्या मिळत नसत, आणि मी दार लावलं तर त्यांनी जायचं कुठं? दरवर्षी थोडं थोडं लांबतच गेलं. तिकडं घरात नवा भात कणगीत भरलेला आणि तुम्ही सगळे रेशनचा तांदूळ खात बसलेले. तुझी पोरं त्यासाठी आजीशी भांडायची. बाबा म्हणायचे, "तिच्या पायी सारा पाडा हसतो." आई ढिम्म. बाजाराच्या दिवशी मोखाड्याला उतरायची, एसटीडी बूथवरून फोन लावायची आणि विचारायची, "कवा येतेस?" मला त्या फोनची धास्ती वाटायला लागली होती. इकडं कडी, तिकडं आई, दोन्हीकडून मी अडकलेली.

मग एका साली नर्सबाईंना दिवाळीभर ड्युटी लागली. तन्वीला ठेवते असा शब्द मी देऊन बसले होते, आणि आईला सांगायची हिंमत होत नव्हती. तशात दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाण्याला कामाला येणारा गावचा एक माणूस तू दिलेली पेंढी घेऊन आला. आईनं पाळणाघराच्या तोरणासाठी भाताच्या लोंब्या पाठवल्या होत्या. आम्ही वर्तुळ करून बसलो. झेंडू, आपट्याची पानं, मध्ये लोंब्या. तन्वी म्हणाली, "मावशी, यात भात कुठाय?" मी एक दाणा दातांनी सोलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. सोलता सोलता एक माझ्याच तोंडात गेला आणि मी तो चावलाही. गोड लागला. मग लक्षात आलं, नवं व्हायच्या आधी मी खाल्लं.

बाजाराच्या दिवशी फोन आला तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं, लोंब्यांचंही आणि दिवाळीला येत नाही तेही. मागं बूथवरच्या गर्दीचा गलका चालला होता. आईनं विचारलं, "पोरांनी पण खाल्लं?"

"सगळ्यांनी."

"एका जागी बसून?"

"हो."

"मंग झालं तुझं नवं," ती म्हणाली. "तुझ्या घरी झालं. आता आमी करतो."

एवढी वर्षं मला तेच हवं होतं, कुणीतरी सोडावं. आणि सोडलं तर मी रिसीव्हर धरून तिथंच खाली बसले आणि रडले. तन्वी पाण्याचा ग्लास घेऊन आली, अर्धा सांडत.

संक्रांतीनंतर गावी आले तेव्हा तुम्ही सगळे नवा भात खात होता, आणि आईनं मला पाट मांडला. आमच्या घरात पाट पाहुण्याला मांडतात. तुला आठवतही नसेल. मी मुकाट्यानं त्यावर बसले आणि जेवले.

पुढच्या दसऱ्याला तू पुन्हा पेंढी पाठवलीस. पोरं गोल बसली, दाणे सोलून झाले, हात तोंडाकडे निघाले आणि मी म्हटलं, थांबा. तन्वी आली नव्हती, तिला ताप होता. पोरं कुरकुरली. मी दाणे वाटीत भरून फळीवर ठेवून दिले आणि दाराची वरची कडी लावली. ताप उतरून ती आली त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी खाल्लं.