देगलूरचा नापास हेडमास्तर

हेडमास्तर गाडीला परीक्षेला बसवायचा. बॉनेट उघडलं की मीटरच्या वायरी गळ्यात टाकायचा आणि मोठ्यानं निकाल वाचायला लागायचा, "पट्टा, पास! फ्यूज, पास! रिले, काठावर पास!" एखादी वायर हिरवी पडलेली सापडली की सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असा ओरडायचा, "नापाऽऽस!" समोरच्या हॉटेलातली माणसं हातात कप घेऊन बघायला यायची, आज कोण गेलं म्हणून. ज्याची गाडी नापास व्हायची तो खरोखर मान खाली घालून उभा राहायचा. मी एका फौजदाराला तसं उभं राहिलेलं पाहिलंय.

देगलूरच्या नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तो गाड्यांच्या बॅटरीचं आणि लाईटचं काम करायचा. स्वतः सातवीतून शाळा सोडलेला. कुणी त्यावरून टोचलं तर छाती पुढं काढून म्हणायचा, "नापास व्हायच्या आधीच सोडली. म्हणून आजवर एकदाबी नापास न्हाई. हाय का गावात दुसरा कोणी?" चूक कबूल करणं हा प्रकार त्याच्या दुकानात मिळतच नव्हता.

मी दत्ताच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. पुढचे दात पडले तशी क्लॅरिनेट फुसफुसायला लागली, तेव्हा दत्तानं मला बँडच्या गाडीवर ड्रायव्हर केलं. त्या कामाला दात लागत नाहीत. खरं म्हणजे ड्रायव्हरही फारसा लागत नाही, कारण बँडची गाडी चालत नाही, नवरदेवाच्या घोड्यामागं सरपटते. हेडमास्तर मला 'बोळक्या' म्हणायचा. दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती.

गाडीला दोन बॅटऱ्या. पुढची इंजिनची, मागची गाण्याची. तिच्यावर कीबोर्ड, कर्णे, रंगीत दिवे. मागची हेडमास्तरनंच बसवलेली, तिच्याभोवती प्लायवुडची पेटी आणि पेटीवर शोभेला आरशाचे तुकडे. इंजिन सुरू झालं की मधला रिले टक् करायचा आणि डायनामोचा करंट पुढचीकडून मागचीकडे जायचा. "मोठी जाऊ आधी जेवती, धाकटी मागून," तो समजावून सांगायचा. "पेंगत चालवू नको रे बोळक्या, जरा रेस दे. डायनामो झोपला की धाकटी उपाशी." आणि वर त्याचं ठरलेलं वाक्य, "करंट जातो ते समदे बघतेत. परत कुठून येतो ते कोण बघतंय?"

दत्ताची आई, जिला आम्ही सगळे मोठीमाय म्हणायचो, गाडीची पूजा दसऱ्याला मनापासून करायची. एका वर्षी तिनं नारळ फोडून पाणी थेट अॅम्प्लिफायरवर सोडलं. अॅम्प्लिफायरनं धूर काढला, दत्तानं आवाज काढला. "पुन्हा गाडीला हात लावलास तर तुला उदगीरला मामाकडं नेऊन सोडीन, कायमची!" दत्ता बोलला ते करणारा माणूस. मोठीमाय पुढच्या दसऱ्याला लांबूनच हात जोडून उभी राहिली. निदान आम्हाला तसं वाटलं.

त्या दसऱ्यानंतर लग्नसराई लागली आणि धाकटी जाऊ उपाशी मरायला लागली. किल्लारीकडं एक परण्या होता, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक. नवरदेव घोड्यावर, मारुतीचं देऊळ समोर दिसतंय, गायकानं वरचा सूर धरला आणि कर्ण्यातून फक्त 'भुर्र' आलं. दिवेही गेले. पण नाचणारी पोरं थांबायला तयार नव्हती. नवरदेवाच्या मामानं शेजारचा ट्रॅक्टर सुरू केला आणि त्याच्या हॉर्नवर देवळापर्यंत नागीण डान्स झाला. घोडा पुढं, ट्रॅक्टर मागं आणि आम्ही युनिफॉर्म घालून टाळ्या वाजवतोय.

हेडमास्तरनं गाडी तपासली. डायनामो पास, पट्टा पास. रिले बदलला, मागं जाणारी वायर जाड टाकली. देवणीच्या लग्नात पुन्हा भुर्र.

तिसऱ्या लग्नाच्या सकाळी आम्ही गाडी परत नाक्यावर नेली. मोठीमायही केबिनमध्ये बसलेली, तिला वाटेत पाहुण्यांकडे सोडायचं होतं. दत्ता फोनवर मुलाकडच्यांना "निघालो, निघालोच" सांगत होता आणि अधूनमधून हेडमास्तरवर खेकसत होता, "कामून भरंना ती बॅटरी? आज बंद पडलं तर बँडच बंद करावा लागंल मला!"

हेडमास्तरनं पुन्हा सगळं तपासलं. पुढची बॅटरी मस्त जेवत होती, मागची उपाशी.

"मागची पेटी उघड की," मी म्हणालो.

"ती मी बसवलीय. हेडमास्तरचा पेपर कोण तपासतंय?"

"तूच म्हणतोस ना, करंट परत कुठून येतो ते बघा?"

माझ्याकडं खाऊ का गिळू असं बघत त्यानं पेटी उघडली. मी त्याच्या खांद्यावरून वाकलो. बॅटरीच्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट परत येतो त्या टोकाला पूजेचा लाल-पिवळा नाडा गुंडाळलेला होता, आणि त्याच्यावर क्लॅम्प कसाबसा बसवलेला. हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी पिऊन नाडा काडीसारखा कडक झालेला, भोवती पांढरी बुरशी. क्लॅम्पच्या लोखंडाला टोकाचं शिसं लागतच नव्हतं, मध्ये भक्ती होती.

पेटीच्या झाकणावरच्या आरशांत मला मोठीमायचा चेहरा दिसला. ती केबिनमधून उतरली होती आणि पदर तोंडात धरून उभी होती. एकेका तुकड्यात एकेक मोठीमाय, आणि सगळ्या घाबरलेल्या.

हेडमास्तरलाही त्या दिसल्या. त्यानं नाडा ओढून मुठीत घेतला, मूठ खिशात घातली आणि नाक्याला हादरवून ओरडला, "नापाऽऽस!"

हॉटेलातली माणसं कप घेऊन आली. दत्तानं फोन खाली केला. "कोण?"

"हेडमास्तर! क्लॅम्प मीच ढिला सोडला हुता."

नाक्यावर एवढी शांतता मी संचारबंदीतही ऐकली नव्हती. मग एका कपातला चहा हसून सांडला, मग दुसऱ्यातला, मग सगळा नाका हसायला लागला. हेडमास्तरनं मान खाली घालून गरम पाण्यानं टोक धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं, क्लॅम्प आवळला. मीटरचा आकडा सरसर चढला. त्या दिवशीचा परण्या असा वाजला की घोडाही नाचला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. "तू खोटं कामून बोललास?"

"खोटं कुठं? माझं काम म्हणून मी बघितलंच न्हाई. ते नापासच की. पण मोठीमाय हाय तोवर तोंड उघडलंस, तर तुझे उरलेले दातबी नापास करीन."

त्यानं पेटीच्या आत, बॅटरीपासून लांब, एक आकडा ठोकला आणि मोठीमायला गुपचूप बोलावून दाखवला. "माय, नाडा इथं बांधत जा. करंटचं देवघर हाय हे." मोठीमाय म्हणाली, "तूच म्हणला हुतास, बॅटरी म्हंजे गाडीचं काळीज. पोरगं रातंदिस रस्त्यावर. काळजालाच बांधावा वाटला. वरचं लोखंड अडकित्त्यानं उचकटलं, दगडानं ठोकून बसवलं." हेडमास्तर तिच्या पाया पडला. "माय, तू माझ्या दुकानात कामाला ये."

तेव्हापासून तो 'नापास हेडमास्तर' झाला. नवी गाडी आली की हॉटेलातून कुणीतरी ओरडायचं, "क्लॅम्प आवळ रे!" काही गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात गेली. तो हसायचा, पण निकाल वाचायचा आवाज जरा खाली आला होता. ते फक्त मला कळायचं.

मोठीमाय गेली, तेव्हा माझं तोंड मोकळं झालं. पण आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो, आणि मागच्या उन्हाळ्यात हेडमास्तरही गेला. त्याच्या दारात बसलो असताना दत्तानं नापासची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. माणसं रडता रडता हसली. मीही हसलो. आणि गोष्ट संपायच्या आत उठून चपला घातल्या.

पुढच्या दसऱ्याला मी दत्ताला पेटी उघडून आकडा दाखवला. त्यावर जुन्या नाड्यांचा गुच्छ होता, एकेका वर्षाचा एकेक. सगळं सांगितलं. दत्तानं गुच्छातला एकेक नाडा बोटानं मोजला. मग म्हणाला, "आन् मी त्याला गावभर नापास करत राहिलो." त्याच दिवशी त्यानं पेंटर बोलावला आणि गाडीच्या मागं टपोरी अक्षरं काढून घेतली: आमचे हेडमास्तर पास.

पेंटर हौशी निघाला. अक्षरांबरोबर त्यानं मागचा सगळा सांगाडा रंगवला, अर्थिंगचा बोल्ट काढून त्याच्याखालच्या लोखंडासकट. पहिल्याच परण्यात गायकानं वरचा सूर धरला आणि कर्ण्यातून 'भुर्र' आलं. माणसं ट्रॅक्टर शोधायला लागली.

मी गाडीखाली शिरलो. करंट जातो ते नाही, परत येतो ते बघितलं. बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं रंग खरवडून लोखंड उघडं केलं, पुन्हा आवळला, दत्ताला रेस द्यायला सांगितली आणि बिनदाताच्या तोंडानं जमेल तेवढ्या जोरात ओरडलो, "पेंटर, नापाऽऽस!"

दिवे लागले. आणि सगळ्यात आधी मागची ती अक्षरं उजळली.