सिंदीच्या मोटारीचं इंजिन

हिंगणघाटला बाईंच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, त्याच्या आदल्या दसऱ्याला आमच्या घरानं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आई त्या वर्षी भेटेल त्याला दोनच गोष्टी सांगायची, एक दीक्षेची आणि दुसरी माझ्या पांढऱ्या लुगड्याची.

बाई म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. पुण्याकडच्या, चाळिशी उलटलेल्या, अंगानं काडीसारख्या, पण आवाज असा की औषधाच्या खिडकीतून बोलल्या तर रस्त्यावरचा माणूस थांबायचा. खेड्यातलं बोलावणं आलं की बैलबंडीत बसून आम्ही निघायचो. वडनेरच्या पुढे एका गावात अशाच आम्ही पोचलो, तेव्हा बाळ होऊन गेलं होतं आणि थंडही पडलं होतं. आईला बाईंनी वाचवलं. परतीच्या वाटेवर बंडीला किती वेळ लागतो, ते त्या घड्याळात बघत होत्या. दुसऱ्या दिवशी रोगी तपासता तपासता म्हणाल्या, "आपल्याला मोटार घ्यायला हवी."

नवी मोटार परवडण्यातली नव्हती. सिंदी रेल्वे या गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे लढाईआधीची विलायती मोटार विकाऊ आहे, असं कळलं. निरोपासोबत व्यापाऱ्यानं सांगून पाठवलं होतं की इंजिन अस्सल कंपनीचं आहे, त्यातला खिळासुद्धा बदललेला नाही.

दुसरं कुणी असतं तर लगेच सिंदीला पळालं असतं. बाई गेल्या मोटार स्टँडवर. तिथल्या मिस्त्रीला म्हणाल्या, "कंपनीचा भाग कोणता आणि मागून बसवलेला कोणता, हे ओळखायला मला शिकवा." मिस्त्री एका बसचं इंजिन उघडून बसला होता. त्यानं एक खोका पालथा घालून बाईंना बसायला दिला. दवाखाना बंद झाला की त्या तिकडे जायच्या, पदर खोचून वाकून बघायच्या. रात्री जेवताना मलाही सांगायच्या. ओतीव भागावर कंपनीची खूण उठलेली असते. नंबर ज्या जागी ठोकलेला असतो ती जागा कानशीनं घासली असेल तर बोटाला गुळगुळीत लागते. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण त्यांचा चेहरा बघत राहावंसं वाटायचं. इतकी वर्षं डॉक्टरकी करून ही बाई शाळेतल्या मुलीसारखी शिकत होती.

मग एका सकाळी वर्ध्याला गाडी बदलून आम्ही सिंदीला उतरलो. व्यापाऱ्यानं चहा दिला, मोटार दाखवली. काळी, धुतलेली, उन्हात चमकत होती. बाईंनी रंगाकडे पाहिलंही नाही.

"झाकण उघडता?"

"उघडतो जी. पर तुमाले त्यात काय समजन, बाई? मी सांगून राह्यलो ना, सारं कंपनीचं हाये."

"तुम्ही सांगताय ते ऐकलं. आता बघते."

इंजिनावर तेलाचा आणि धुळीचा थर होता. नंबराची जागा अशी अडचणीत की बाईंचा हात पोचेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दवाखान्याच्या पिशवीतला कापूस काढला, रॉकेलमध्ये भिजवला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पुसता पुसता आकडे बोटांना लागले.

"जागा कशी लागते?"

"खरबरीत."

"चांगलं. आकडे वाच."

मी एकेक आकडा वाचला. गाडीवरच्या पितळी पट्टीवर तेच आकडे होते. व्यापारी हसला. "सांगतलं होतं ना?"

बाई हसल्या नाहीत. त्या आणखी खाली वाकल्या. कार्बोरेटरच्या खाचेत हिरवट रंग होता आणि एका बाजूला लहानसा बाण उठलेला होता. "असा बाण लष्करी मालावर असतो. हा भाग लष्कराच्या गाडीवरचा," त्या म्हणाल्या. मग पाण्याच्या पंपावर बोट फिरवलं. त्यावर कसलीच खूण नव्हती, कडा हातानं घासलेल्या होत्या आणि बोल्टांची डोकीही बाकीच्यांपेक्षा मोठी. "आणि हा इकडेच कुठेतरी ओतलाय."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "मी खोटं बोलून राह्यलो असं म्हणता का?"

"नाही. तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही सांगितलंत. या, तुम्हीच बघा."

तो धोतर सावरत वाकला. बाणावर बराच वेळ बोट ठेवून राहिला. मग त्यानं अंगणातून आपल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर आला, उघडं इंजिन बघितलं आणि जागीच थांबला.

"हे काय हाये? काऊन सांगतलं नाई?"

"मालक," ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "लढाईत कंपनीचा माल येत नोता. तुमच्या बाबूजीले दम्याचा तरास. रोज नागपूरले दवाखान्यात न्यायचं. सांगतलं असतं त तुमी गाडी उभी करून ठेवली असती. पंप जिनिंगच्या कारखान्यात ओतून घेतला. थो अजून गळला नाई."

व्यापारी त्याच्याजवळ गेला. त्यानं ड्रायव्हरच्या खांद्याला नुसता स्पर्श केला. मग बाईंकडे वळून म्हणाला, "बाई, आता तुमी घेणार नाई."

"आधी सुरू तर करा."

इंजिन सुरू झालं. मला वाटलं, बाई आता पिशवीतली छाती तपासायची नळी काढतील. त्यांनी ड्रायव्हरकडून स्क्रू पिळायचा पेचकस मागून घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. इंजिनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या ऐकत गेल्या.

"मूळ इंजिन कंपनीचंच आहे आणि निरोगी आहे," त्या म्हणाल्या. "दोन भाग बाहेरचे आहेत, ते मला माहीत झाले. बिघडलं तर कुठे बघायचं हे आता कळतं. मी गाडी घेते."

ड्रायव्हर पहिल्यांदाच वर बघून म्हणाला, "बाई, पंपाचे बोल्ट महिन्याच्या महिन्याले कसत जाजा."

"कसेन," बाई म्हणाल्या.

पुढे ती गाडी त्या स्वतः चालवायला शिकल्या. गाडीनं पहिल्यांदा वडनेरला गेलो, त्या दिवशी बाळंतिणीची सुटका सुखरूप झाली, मुलगी झाली. आम्ही हात धुऊन बाहेर आलो तर गाडीभोवती बाया जमलेल्या. कुणी काचेत तोंड बघत होती, कुणी चाकाला हात लावून बघत होती. एकीनं विचारलं, "डॉक्टरीनबाई, इले बैल नाई, मंग इले ओढते कोन?"

बाई थकलेल्या होत्या, लुगड्यावर डाग होते. मला वाटलं, हसून गाडीत बसतील. पण त्यांनी झाकण उघडलं. "या, सगळ्याजणी पुढे या," म्हणाल्या, "हे बघा, इथून पेट्रोल येतं..."

बाया दाटीवाटीनं वाकल्या. मी मागे उभी राहून बाईंचा आवाज ऐकत होते. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, पण त्यांना आठवण करून द्यावी असं काही मला वाटलं नाही.